पहाटेचा गारठा, दुपारचे ऊन आणि सायकलस्वाराचे गुडघे

डिसेंबरच्या अखेरीस पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने जायचे म्हणजे एका दिवसात दोन ऋतू अनुभवणे होय. पहाटे पाचला घराबाहेर पडताना पारा दहा-अकरा अंशांवर असतो. कात्रज मागे पडेपर्यंत बोटे बधिर होतात. खंबाटकीचा चढ चढताना अंगातून घामाच्या धारा लागतात आणि पलीकडच्या उतारावर तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. दुपारी वाईच्या पुढे पसरणीच्या घाटात ऊन चटके देऊ लागते. सुमारे १२० किलोमीटरच्या या प्रवासात तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडणे ही हिवाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे.

अशा सफरीची तयारी करताना बहुतेक जण डोक्याचा आणि छातीचा विचार करतात. कानटोपी, हातमोजे, विंडचीटर यांची आठवण होते. पायांसाठी मात्र हाती येईल ती जुनी ट्रॅकपँट किंवा गुडघ्यापर्यंतची साधी चड्डी चढवली जाते. वस्तुतः सायकल चालवण्याचे सारे काम पायच करतात. वाऱ्याच्या माऱ्यात तेच सर्वांत पुढे असतात आणि पावसाचे पाणी व रस्त्यावरचा चिखलही प्रथम त्यांच्याच वाट्याला येतो. ‘पाय चालतच असतात, त्यांना कसली थंडी?’ हा समज अनेकांना पहिल्याच लांब पल्ल्याच्या सफरीत महागात पडतो. कोणाचा गुडघा धरतो, कोणाच्या मांड्या सोलवटून निघतात, तर कोणाला घाटाच्या उतारावर ब्रेक दाबणेही अशक्य होऊन बसते.

राज्यात छंद म्हणून लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. ठरावीक वेळेत ठरावीक अंतर पूर्ण करण्याच्या ‘ब्रेव्हे’ या सफरींना पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतून प्रतिसाद मिळतो. यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तासांची मुदत असते. म्हणजेच मोठ्या अंतराच्या सफरीत रात्र, पहाट आणि भर दुपार ही तिन्ही रस्त्यावरच काढावी लागतात. पायांवर काय घालायचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहिलेला नाही.

पाय गारठतात कसे?

माणसाचे शरीर हे फारसे कार्यक्षम यंत्र नाही. सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी साधारण २० ते २५ टक्केच पॅडलवर पोहोचते. उरलेली सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पॅडलवर १५० वॅट शक्ती लावणाऱ्या स्वाराच्या शरीरात त्याच वेळी साडेचारशे ते सहाशे वॅट उष्णता निर्माण होत असते. त्यामुळे चढावर दहा अंशांतही घाम फुटतो.

उतारावर हे गणित नेमके उलटे होते. पॅडल मारणे थांबते आणि उष्णतेची निर्मिती विश्रांतीच्या पातळीपर्यंत खाली येते. वेग मात्र तिप्पट होतो आणि वाराही त्याच प्रमाणात वाढतो. त्वचेला बिलगलेला उबदार हवेचा पातळ थर हा वारा क्षणोक्षणी उडवून नेतो. उत्तर अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या ‘विंड चिल’च्या सूत्रानुसार दहा अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला ते सुमारे साडेसहा अंशांइतके थंड भासते. तापमान पाच अंश आणि वारा ताशी ४५ किलोमीटर असेल, तर हा आकडा शून्याच्याही खाली, उणे एकच्या आसपास जातो. हवा स्तब्ध असली तरी सायकलस्वार हा वारा स्वतःच निर्माण करतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

यात घामाची भर पडते. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती कापड घाम शोषून घेते, पण तो सहजासहजी सोडत नाही. ओली सुती पँट मांडीला चिकटून बसते आणि उतारावर ती गार पट्टीचे काम करते. ‘सुती कपडे अंगाला चांगले’ हा आपल्या हवामानातला शहाणपणाचा सल्ला घरात आणि उन्हाळ्यात खराच आहे, परंतु थंडीतल्या सायकलस्वारीला तो लागू पडत नाही.

गुडघ्याचे वेगळेपण

मांडी आणि पोटरी यांत जाड स्नायू असतात. ते काम करताना स्वतःच तापतात. गुडघ्याचे तसे नाही. वाटीच्या पुढच्या बाजूला त्वचेखाली जवळजवळ लगेच हाड आणि स्नायुबंध लागतात. तेथे चरबीचे आच्छादन नाही आणि उष्णता निर्माण करणारा मोठा स्नायूही नाही. सायकलवर बसलेल्या माणसाचे गुडघे मात्र आळीपाळीने वर येऊन थेट वाऱ्यासमोर उभे ठाकतात. मिनिटाला ऐंशी वेळा पॅडल फिरवले तर एका तासात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. सांध्यातील वंगणासारखा द्रव थंडीत अधिक दाट होतो आणि हालचाल जड वाटू लागते.

स्नायूंच्या ताकदीवरही तापमानाचा परिणाम होतो. स्नायूचे तापमान एका अंशाने उतरले, तर त्याची कमाल ताकद काही टक्क्यांनी घटते, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. थंडीत निघाल्यानंतर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये पाय ‘उघडत’ नाहीत, असे स्वार म्हणतात, त्यामागचे कारण हेच आहे. जुने प्रशिक्षक त्यामुळेच पारा १८ ते २० अंशांच्या खाली असेल, तर गुडघे झाकूनच निघावे असा दंडक घालून देत. हा आकडा काही शास्त्राने ठरवलेली काटेकोर सीमारेषा नव्हे, अनुभवातून आलेला तो ठोकताळा आहे. गुडघे उघडे ठेवल्याने ते लगेच निकामी होतात असे नाही. पण गुडघे झाकल्याने नुकसान काहीच होत नाही आणि आराम मात्र निश्चित मिळतो, म्हणून हा ठोकताळा टिकून राहिला आहे.

कपड्यांचे प्रकार

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीतील पायांच्या पोशाखाचा पाया म्हणजे पॅड असलेली, अंगाला घट्ट बसणारी शॉर्ट्स. पूर्वी ही शॉर्ट्स लोकरीची असे आणि तिच्या आत बसण्याच्या जागी ‘शाम्वा’ नावाच्या डोंगरी प्राण्याचे मऊ कातडे शिवलेले असे. युरोपातील स्वार हे कातडे मऊ राहावे म्हणून त्याला मलम चोळत. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत १९५८ मध्ये स्पँडेक्स या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा शोध लागला आणि पुढे ‘लायक्रा’ या व्यापारी नावाने तो सायकलस्वारांच्या अंगावर कायमचा बसला. कातड्याची जागा आता फोमच्या पॅडने घेतली आहे, पण त्याचे जुने नाव अजूनही प्रचारात आहे.

या शॉर्ट्सचाच खांद्यावरून पट्टे जाणारा प्रकार म्हणजे बिब शॉर्ट्स. त्यात पोटाला काचणारे इलॅस्टिक नसते आणि वाकून बसल्यावर कंबरेचा मागचा भाग उघडा पडत नाही. थंडीत हा फायदा मोठा ठरतो. स्वच्छतागृहात जाताना होणारी अडचण ही त्याची उणी बाजू आहे, आणि रस्त्यावर सोयींची वानवा असल्याने महिला स्वारांना ती अधिकच जाणवते. त्यामुळे अनेक जणी साधी कंबरपट्टीची शॉर्ट्स पसंत करतात. अंगासरशी कपडे घालून चहाच्या टपरीवर थांबणे अवघड वाटणाऱ्यांना पॅडच्या शॉर्ट्सवर सैल चड्डी किंवा पातळ थ्री-फोर्थ चढवण्याचा पर्याय आहेच. त्याने कामात काही उणे येत नाही.

बदलत्या तापमानात खरी मदत होते ती ‘वॉर्मर’ची. ही म्हणजे पायाची सुटी बाही. मांडीच्या मध्यापासून पोटरीच्या वरपर्यंत येणारे ते नी वॉर्मर आणि घोट्यापर्यंत पोहोचणारे ते लेग वॉर्मर. वरच्या टोकाला आतून रबरासारखी सिलिकॉनची पट्टी असते. तिच्यामुळे ते घसरत नाहीत. वॉर्मर घालताना त्यांचे वरचे टोक शॉर्ट्सच्या आत जायला हवे. ते बाहेर राहिले तर दोन्हींच्या मधल्या फटीतून वारा शिरतो आणि वॉर्मरही खाली उतरतात. ऊन वर आले की दोन मिनिटांत ते काढता येतात आणि गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात मावतात.

यापुढची पायरी म्हणजे आखूड शॉर्ट्सऐवजी घोट्यापर्यंत येणारी पूर्ण टाइट्स. साधी टाइट्स एकाच थराची असते. थर्मल टाइट्सला आतून मऊ लव असते आणि ती हवेचा उबदार थर धरून ठेवते. कडाक्याच्या थंडीसाठी पुढच्या बाजूने वारा अडवणारे व मागून मोकळे कापड असलेल्या टाइट्स मिळतात. हिची मर्यादा अशी, की दुपारी उकडू लागले तरी ती रस्त्यात काढता येत नाही. मैदानी महाराष्ट्रात तिची गरज वर्षातून मोजक्याच दिवशी पडते.

पारा आणि पेहराव

कोणत्या तापमानाला काय घालावे याचे सर्वांना लागू पडेल असे कोष्टक करता येत नाही. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला १८ अंशांत कापरे भरते, तर नाशिककडच्या निफाडच्या शेतकऱ्याला तीच हवा आल्हाददायक वाटते. शिवाय सडपातळ माणसाला, ज्येष्ठांना आणि संथ गतीने जाणाऱ्यांना थंडी अधिक वाजते. तरीही आपल्याकडील स्वारांसाठी ढोबळ मार्गदर्शन असे करता येईल.

२२ अंशांच्या वर : फक्त पॅडची शॉर्ट्स पुरेशी. उन्हापासून संरक्षण हवे असल्यास पातळ, फिक्या रंगाचे वॉर्मर.

१७ ते २२ अंश : शॉर्ट्स आणि खिशात नी वॉर्मर. पहाटे निघताना आणि लांब उताराआधी ते घालावेत.

१२ ते १७ अंश : शॉर्ट्स आणि घोट्यापर्यंतचे लेग वॉर्मर, घोटा झाकणारे मोजे.

७ ते १२ अंश : आतून लव असलेले लेग वॉर्मर किंवा थर्मल टाइट्स. बुटांवर वारा अडवणारे आवरण.

७ अंशांच्या खाली : वारा अडवणारी टाइट्स, लोकरीचे मोजे. पॅडची शॉर्ट्स आत, टाइट्स वर.

हे आकडे प्रवासाच्या सुरुवातीचे नव्हेत, तर त्या दिवशी सर्वाधिक काळ ज्या तापमानात घालवायचा आहे त्याचे असावेत. निघताना किंचित थंडी वाजत असेल, तर पेहराव बरोबर जमला असे समजावे. दाराशीच ऊबदार वाटत असेल, तर पंधरा मिनिटांत घामाने चिकचिक होणार हे निश्चित.

वेधशाळेचा आकडा, रस्त्यावरचा गारठा

वृत्तपत्रात छापून येणारे किमान तापमान हे वेधशाळेच्या आवारातील, जमिनीपासून काही उंचीवर आणि सावलीत मोजलेले असते. पुण्याचा आकडा म्हणून बहुधा शिवाजीनगरचा आकडा सांगितला जातो. पाषाण परिसर हिवाळ्यात त्याहून अधिक थंड असतो, तर लोहगाव तुलनेने उबदार. एकाच शहरात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

शहराबाहेर हा फरक वाढतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने गमावते. तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन उताराने वाहत सखल भागात साचते. म्हणूनच नदीकाठचा रस्ता, पुलाजवळचा उतार, उसाच्या भिजवलेल्या शेतांमधली वाट येथे अचानक थंडीचा झोत लागतो. महाबळेश्वरला गावात पारा सात-आठ अंशांवर असताना वेण्णा तलावाच्या परिसरात मात्र दवबिंदू गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्याचे कारण हेच. पहाटेच्या वेळी घाट चढून वर गेल्यावर थंडी वाढण्याऐवजी कमी झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, तोही याच निसर्गनियमाचा परिणाम आहे.

दिवसा मात्र नेहमीचा नियम लागू होतो. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे पाच अंशांचा फरक पडतो. थंडीचा सर्वांत कठीण काळ हा मध्यरात्रीचा नसून सूर्योदयाच्या आसपासचा असतो, हेही रात्रभर सायकल चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहाटे तीनला ‘आता थंडी संपली’ म्हणून वॉर्मर काढणाऱ्यांची सहा वाजता फजिती होते.

घाटमाथ्याचा धडा

घाटाच्या माथ्यावर स्वार घामाने ओलाचिंब आणि दमलेला असतो. समोर दहा-बारा किलोमीटरचा उतार असतो. याच ठिकाणी सर्वाधिक चुका होतात. चढताना काढलेले वॉर्मर पुन्हा चढवण्याचा कंटाळा येतो. ‘पाच मिनिटांचा तर उतार’ असे म्हणून माणूस तसाच निघतो.

सायकल शर्यतीच्या इतिहासात या चुकीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ५ जून १९८८ रोजी इटलीतील ‘जिरो द इतालिया’ या शर्यतीचा मार्ग २,६०० मीटरहून उंच अशा गाव्हिया खिंडीतून जात होता. त्या दिवशी तेथे हिमवादळ झाले. नेदरलँड्सचा योहान व्हान डर वेल्डे हा आखूड बाह्यांच्या जर्सीतच चढ चढून खिंडीत सर्वांत आधी पोहोचला. पण पलीकडच्या उतारावर थंडीने त्याला जागीच थांबवले आणि बोर्मिओ गावातील अंतिम रेषेवर तो विजेत्यापेक्षा पाऊण तासाहून अधिक उशिरा पोहोचला. अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टेन मात्र तयारीने आला होता. हवामानाचा अंदाज घेऊन त्याच्या संघाने गरम कपडे जमवले होते आणि ते खिंडीच्या अलीकडे स्वारांच्या हाती देण्याची व्यवस्था केली होती. हॅम्पस्टेन त्या टप्प्यात दुसरा आला, पण एकूण आघाडीची गुलाबी जर्सी त्याला मिळाली आणि पुढे शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला. चढावर जो सर्वांत पुढे होता तो उतारावर सर्वांत मागे पडला. हा फरक पायांच्या ताकदीचा नव्हता, तो तयारीचा होता.

सह्याद्रीत हिमवादळ होत नाही, पण तत्त्व बदलत नाही. माथ्यावर पोहोचताच, अंग गरम असतानाच थांबावे, वॉर्मर व विंडचीटर चढवावे आणि मगच उतरावे. चहा प्यायचा तर कपडे घातल्यानंतर. उतारावरही अधूनमधून हलके पॅडल मारत राहिल्यास पायांतील ऊब टिकते.

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक जण मनाली ते लेह ही सफर करतात. तेथे हा नियम पाळणे अनिवार्य होऊन बसते. सुमारे दोन हजार मीटरवरील मनालीतून निघून ५,३०० मीटरहून उंच असलेल्या तांगलांग ला या खिंडीपर्यंत जावे लागते. उन्हात अंग भाजते आणि सूर्य ढगाआड जाताच गारठा झोंबतो. येथे एकच जाड टाइट्स नेण्यापेक्षा शॉर्ट्स, वॉर्मर आणि त्यावर सहज घालता येणारी वारा अडवणारी सैल पँट असे तीन थर अधिक उपयोगी पडतात.

‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील चाळीस अंशांच्या उष्म्यानंतर रॉकी पर्वतातील तीन हजार मीटरहून उंच खिंड ओलांडावी लागते. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण करून दाखवली. त्या शर्यतीत स्वारामागे मदतनीसांची गाडी असते आणि तीत कपड्यांचे जोड असतात. सामान्य स्वाराजवळ मात्र जर्सीचे तीन खिसे आणि सीटखालची एक पिशवी, एवढेच. त्यामुळे कमीत कमी कपड्यांत जास्तीत जास्त फरक साधणे हीच त्याची कसोटी ठरते.

पावसाळ्याचे वेगळे गणित

कोकण आणि घाटमाथ्यावरचा पाऊस हा युरोपातल्या पावसासारखा थंड नसतो. मैदानात पावसाळी हवा २३-२५ अंशांची असते. अशा वेळी रेनकोटची पँट घातली तर पाऊस बाहेर राहतो, पण घाम आत साचतो आणि अर्ध्या तासात माणूस आतूनच भिजतो. त्यापेक्षा साधी शॉर्ट्स घालून पाय भिजू देणे अधिक सुखाचे. ओली त्वचा लवकर वाळते, ओले कापड वाळत नाही.

लोणावळा, ताम्हिणी, माळशेज या भागांत मात्र धुके, सततचा पाऊस आणि बोचरा वारा एकत्र येतात. पारा वीसच्या आसपास असला तरी ओल्या अंगाला तो फार कमी भासतो. तेथे पाणी झटकून टाकणाऱ्या कापडाचे नी वॉर्मर उपयोगी पडतात. हा गुण कापडावरील लेपामुळे येतो आणि वारंवार धुण्याने तो कमी होत जातो. पायांना ओले करणारे पाणी वरून येते त्यापेक्षा अधिक चाकांवरून उडते. त्यामुळे साधे मडगार्ड बसवणे हा पावसाळ्यात महागड्या पँटपेक्षा स्वस्त आणि प्रभावी उपाय आहे.

पावसात खरा त्रास होतो तो मांड्यांच्या आतल्या बाजूला. ओले पॅड, घर्षण आणि चिखलाचे बारीक कण यांनी त्वचा सोलवटते. मग तेथे फोड किंवा गळू होऊन पुढचे आठवडे सायकलला हात लावता येत नाही. निघण्यापूर्वी त्या जागी व्हॅसलीनसारखे मलम लावणे आणि सफर संपताच ओली शॉर्ट्स तत्काळ बदलणे, हे दोन नियम पाळले तरी बहुतेक त्रास टळतो.

उन्हापासून आडोसा

वॉर्मर केवळ थंडीसाठी असतात असे नाही. मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी मांड्यांच्या वरच्या भागावर ऊन सरळ पडते. तासन्‌तास त्याच स्थितीत बसल्याने त्वचा भाजते. पातळ, लव नसलेल्या, फिक्या रंगाच्या कापडाच्या बाह्या पायांना सावली देतात, आणि त्यांच्यावर पाणी शिंपडले तर बाष्पीभवनाने गारवाही मिळतो. लडाखसारख्या उंचीवर अतिनील किरणांची तीव्रता वाढत असल्याने हवा थंड असतानाही पाय झाकलेले बरे.

खरेदी आणि निगा

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्व काही एकदम घेण्याची गरज नाही. पहिला खर्च चांगल्या पॅडच्या शॉर्ट्सवर करावा, कारण ती बाराही महिने लागते. दुसरा क्रमांक नी वॉर्मर किंवा लेग वॉर्मरचा. या दोन वस्तूंत राज्यातील बहुतेक हवामान निभावते. थर्मल टाइट्स ही हिमालयात जायचे ठरल्यावर घेण्याची वस्तू आहे.

शॉर्ट्स दुकानात उभे राहून तपासू नये. सायकलवर बसतो तसे पुढे वाकून पाहावे. उभे असताना ती थोडी आखूड आणि ओढलेली वाटली, तरी वाकल्यावर नेमकी बसते. जाड पॅड म्हणजे चांगले पॅड, हा समज चुकीचा आहे. फार जाड पॅड घड्या पडून काचते. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालू नये. त्याची शिवण नेमकी जेथे घर्षण नको तेथेच येते. जीन्सही याच कारणाने लांब पल्ल्यासाठी निषिद्ध मानावी. वॉर्मर मांडीला वळ उमटवतील इतके घट्ट नसावेत आणि गुडघा वाकवल्यावर मागच्या बाजूला कापडाची चुणी जमा होऊ नये. सैल ट्रॅकपँट घालायचीच असेल, तर चेनच्या बाजूचा पाय क्लिपने किंवा रबराने बांधून टाकावा. चेनमध्ये कापड अडकून झालेल्या अपघातांत दात पडण्यापासून हाड मोडण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

हे कपडे प्रत्येक वापरानंतर उलटे करून, साध्या साबणाने, गार पाण्यात धुवावेत. कापड मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. ती धाग्यांची घाम बाहेर टाकण्याची क्षमता कमी करतात. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे व सावलीत वाळवावे. कडक उन्हात इलॅस्टिक लवकर सैल पडते. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवणाऱ्याकडे दोन जोड असणे आवश्यक आहे. ओलसर पॅड पुन्हा घालणे म्हणजे त्वचारोगाला आमंत्रण देणे होय.

दुर्लक्ष करू नये अशी लक्षणे

थंडी वाजणे वेगळे आणि शरीराचे अंतर्गत तापमान घसरणे वेगळे. ते ३५ अंशांच्या खाली गेले की तो वैद्यकीय धोका ठरतो. थांबवूनही न थांबणारी थरथर, बोलताना जीभ अडखळणे, बोटांनी गिअर किंवा ब्रेक नीट न दाबता येणे, अकारण चिडचिड किंवा सुस्ती ही त्याची लक्षणे आहेत. ती स्वाराच्या स्वतःच्या लक्षात येत नाहीत, म्हणून सोबत्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवायचे असते. अशा वेळी ‘अजून थोडेच राहिले’ म्हणून पुढे रेटू नये. आडोशाला थांबून ओले कपडे बदलावेत, कोरड्या कपड्यांत गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम व गोड पेय द्यावे. मद्य मात्र कटाक्षाने टाळावे. त्याने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता आणखी बाहेर जाते. थरथर अचानक थांबली आणि माणूस गोंधळलेला दिसू लागला, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास गारठा, घट्ट मोज्याचा वळ किंवा घासून झालेली जखम त्यांच्या उशिरा लक्षात येते. गुडघ्याचे दुखणे एका-दोन दिवसांत थांबले नाही, तर केवळ थंडीला दोष देऊन चालणार नाही. सीटची उंची चुकीची असणे, एकदम अंतर वाढवणे, जड गिअरवर जोर लावणे ही त्याची अधिक नेहमीची कारणे आहेत. वॉर्मर हे त्यावरचे औषध नव्हे.

कपड्यांची बाजारपेठ मोठी आहे आणि दर हंगामात नवे कापड, नवी नावे येतात. त्यांचा अभ्यास करण्यापेक्षा स्वतःच्या शरीराची नोंद ठेवणे अधिक फलदायी ठरते. प्रत्येक सफरीनंतर निघतानाचे तापमान, पायांवर काय घातले होते आणि कोठे थंडी वा उकाडा जाणवला, एवढ्या तीन गोष्टी वहीत टिपून ठेवल्या, तर एका हिवाळ्यात प्रत्येकाचे स्वतःचे कोष्टक तयार होते. युरोपातील घाटमाथ्यांवर एके काळी प्रेक्षक स्वारांच्या हाती जुनी वृत्तपत्रे देत. स्वार ती जर्सीखाली छातीवर खुपसून उतार उतरत. कागदाची घडी वारा अडवते, एवढे त्यांना ठाऊक होते. वारा कोठून लागतो आणि तो केव्हा अडवायचा, हे ज्याला उमगले, त्याला स्वस्तातल्या नी वॉर्मरच्या जोडीवरही हिवाळा काढता येतो.